व्हॅनची ब्रेक लाइट लागत नाही? नवा स्विच आणण्याआधी हे तपासा

ब्रेक लाइट गेली की ते चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. हेडलाइट गेली तर रस्ता दिसत नाही, इंडिकेटरचा बल्ब उडाला तर बऱ्याच गाड्यांत टिकटिक भरभर व्हायला लागते, हॉर्न वाजला नाही तर त्याच क्षणी समजतं. ब्रेक लाइट मागे असते आणि पाय पेडलवर असेल तेव्हाच लागते. सिग्नलला शेजारी थांबलेल्या एखाद्या भल्या माणसाने काच खाली करून सांगेपर्यंत आठवडेच्या आठवडे गाडी तशीच फिरत राहते.

व्हॅनच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे. साध्या मोटारीच्या मागून चालताना तिच्या काचांमधून पुढचंही थोडंफार दिसतं, त्यामुळे पुढे कोणी थांबलं तर मागच्याला आधीच अंदाज येतो. व्हॅनची पाठ म्हणजे उभा पत्रा. काचेवर स्कूल वर्धीचं, म्हणजे मुलांना शाळेत ने-आण करण्याचं, स्टिकर, आत दप्तरांची चळत. मागच्या स्कूटरवाल्याला ते लाल दिवे सोडून दुसरं काही कळायची सोय नाही. वडोदऱ्यात मांडवी-रावपुऱ्याच्या गर्दीत वेग कमी असतो, तिथे बहुधा बंपरवर निभावतं. अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते, आणि मागच्याला कळायला तो एक सेकंद उशीर झाला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

मागच्या काचेशी असणारी तिसरी ब्रेक लाइटही अशाच विचारातून आली. १९७४ मध्ये अमेरिकेत जॉन व्होएवोड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या टॅक्सींना मागे मध्यभागी एक जादा ब्रेक लाइट लावून पाहिली, आणि त्या टॅक्सींना मागून धडक बसण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. १९८६ च्या मॉडेलपासून तिथे नव्या मोटारींना ती सक्तीची झाली, १९९४ पासून व्हॅनलाही. पुढे सगळ्यांच्या डोळ्यांना सवय झाल्यावर फायदा चार-साडेचार टक्क्यांवर स्थिरावला. एका बल्बाच्या खर्चात एवढं मिळत असेल तर मला तेही खूप वाटतं.

आता स्विचकडे येऊ. ब्रेकच्या पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली, एका लोखंडी पट्टीत तो बसवलेला असतो. अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा, पुढे एक दांडी बाहेर आलेली, मागे वायरांचा कपलर. या दांडीला मेकॅनिक प्लंजर म्हणतात. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवलेला नसतो तेव्हा पेडल वर येऊन हा प्लंजर आत दाबून धरतं आणि दिवे बंद राहतात. पाय दाबला की पेडल खाली जातं, प्लंजर स्प्रिंगने बाहेर येतो, आतले दोन पॉइंट एकमेकांना भिडतात आणि दिवे लागतात. फ्रिजच्या दारातलं बटण असंच चालतं: दार बंद तर बटण दाबलेलं आणि दिवा विझलेला, दार उघडलं की उलट. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढची निम्मी शोधाशोध सोपी होते, कारण बहुतेक जण स्विच दाबल्यावर दिवा लागेल अशा समजुतीने तपासायला बसतात आणि चांगला स्विच फेकून देतात.

करंटचा रस्ताही सरळ आहे. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून स्विच, स्विचमधून मागचे बल्ब आणि बल्बांतून बॉडीला अर्थ (अर्थिंग). बऱ्याच गाड्यांत या रस्त्यात चावीचा संबंध येत नाही, म्हणजे गाडी बंद असली तरी पेडल दाबलं की दिवे लागतात.

बिघाड दोन तऱ्हांनी दिसतो. एक तर दिवे लागतच नाहीत, किंवा कधी लागतात कधी नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे लागलेले दिवे विझतच नाहीत. लोक या दुसऱ्या प्रकाराला कमी घाबरतात, पण तोही वाईटच. मागच्याला तुम्ही खरा ब्रेक केव्हा मारला हे समजतच नाही, आणि रात्रीतून बॅटरी बसते. हिशोब करून बघा. २१ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॉट, १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची धरली तर कागदावर १० तास, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याच्या बऱ्याच आधी स्टार्टर गप्प. सकाळी सहाला मुलांना आणायला निघणाऱ्या माणसासाठी ही फार वाईट वेळ आहे. अशा वेळी बॅटरीला दोष देऊन नवी बॅटरी घालून घेणारेही पुष्कळ असतात, आणि दोन दिवसांनी तीही उतरते.

आधी मागे जाऊन बघा

माझं ठाम मत आहे की डॅशबोर्डखाली शिरण्याआधी गाडीच्या मागे जावं. एकटेच असाल तर संध्याकाळी व्हॅन सोसायटीच्या भिंतीला किंवा बंद शटरला पाठ करून उभी करा आणि ब्रेक दाबून आरशात बघा. भिंतीवर लाल उजेड कुठे कुठे पडतो ते स्पष्ट दिसतं.

एकाच बाजूची लाइट गेली असेल तर स्विचचा काहीही संबंध नाही. स्विच सगळ्यांना एकदमच करंट देतो. मग तो बल्ब, त्याचा होल्डर किंवा त्या बाजूची वायर. बऱ्याच व्हॅनमध्ये टेल लाइट आणि ब्रेक लाइट एकाच बल्बात असतात, ५ वॉट आणि २१ वॉटच्या दोन तारा एका काचेत. म्हणून टेल लाइट लागते आहे याचा अर्थ बल्ब चांगला आहे असा होत नाही, त्यातली जाड तार तुटलेली असू शकते. या बल्बाच्या दोन पिना मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात, तो एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर फिरवून बसवा, जोर करू नका.

ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मंद पेटत असेल, म्हणजे टेल लाइट लुकलुकते किंवा इंडिकेटर फिकट उजळतो, तर अर्थ खराब आहे. करंटला बॉडीकडे जायची नीट वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बातून वाट काढतो. लाइटच्या मागचा अर्थचा स्क्रू काढून गंज घासला की काम होतं.

सगळ्याच ब्रेक लाइट एकदम गेल्या असतील तर आधी फ्यूज. काही गाड्यांत ब्रेक लाइट आणि हॉर्न एकाच फ्यूजवर असतात, तेव्हा हॉर्न वाजवून बघितलं तरी अंदाज येतो. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तोही लगेच उडाला तर पुढे कुठेतरी वायर बॉडीला घासते आहे, बहुतेकदा मागच्या दाराच्या बिजागरीपाशी, जिथे वायर रोज वाकते. तिथे मोठा फ्यूज घालणं म्हणजे वायर जाळायला परवानगी देणं.

फ्यूज ठीक आहे, बल्ब ठीक आहेत आणि तरी एकही ब्रेक लाइट लागत नाही, अशा वेळी संशय स्विचवर येतो. आणि विझतच नसतील तर जवळजवळ नक्कीच स्विच किंवा त्याच्या समोरची पेडलची जागा.

डॅशबोर्डखाली

सीएनजीची व्हॅन असेल, आणि वडोदऱ्यात बहुतेक तशाच आहेत, तर आधी दारं उघडी ठेवा. गॅसचा जराही वास आला तर वायरिंगला हात लावू नका, आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून गळती बघून घ्या.

मोबाइलचा टॉर्च घेऊन वाका आणि हात लावायच्या आधी नुसतं बघा. पायाने नव्हे, हाताने पेडल हळू दाबा आणि सोडा. प्लंजर बाहेर येतो का, परत आत जातो का? मधेच अडकतो का? याच वेळी पायातल्या मॅटवरही एक नजर टाका. पुष्कळ गाड्यांत प्लंजर थेट लोखंडावर टेकत नाही, पेडलच्या पट्टीला एक भोक असतं आणि त्यात रबराचं किंवा प्लास्टिकचं छोटं बटण बसवलेलं असतं, त्यावर तो टेकतो. वर्षानुवर्षं उन्हात तापून हे बटण ठिसूळ होतं आणि एक दिवस फुटतं. मग प्लंजर सरळ त्या भोकातून आरपार जातो, पेडल वर आलं तरी त्याला दाबायला कोणी उरत नाही आणि दिवे रात्रंदिवस जळत राहतात. मॅटवर पिवळट किंवा काळसर प्लास्टिकचा चुरा, बोटाने दाबला की पीठ होणारा, दिसला तर स्विचला दोष देऊ नका. ते बटण काही रुपयांत मिळतं. ते नवं बसवलं की काम झालं.

बटण शाबूत असेल तर स्विचची परीक्षा. दोन वायरांचा स्विच असेल तर ती अगदी सोपी आहे. कपलर काढा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी सुई चांगल्या अर्थला लावा आणि लाल सुईने कपलरच्या दोन्ही पिना बघा. एका पिनेवर बॅटरीएवढं, म्हणजे साडेबारा व्होल्टच्या आसपास, व्होल्टेज सतत हवं. ते कुठेच नसेल तर बिघाड फ्यूज आणि स्विचच्या मधल्या वायरीत आहे, स्विच निर्दोष. असेल तर वायरीच्या एका छोट्या तुकड्याने कपलरच्या त्या दोन पिना एकमेकींना जोडा. मागचे दिवे लागले तर पुढची सगळी वायरिंग चांगली आणि स्विच गेलेला. हा तुकडा फक्त त्या दोन पिनांमध्ये, बॉडीला अजिबात लागता कामा नये. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पनेही हेच होतं.

मग स्विच बाहेर काढून मीटर बीपवर ठेवा. प्लंजर मोकळा असताना बीप वाजायला हवा, बोटाने दाबल्यावर थांबायला हवा. याच्या उलट किंवा धरसोड झाली तर स्विच बदला.

या बीपवर मात्र पूर्ण विसंबू नका. बीपसाठी मीटर अगदी थोडा करंट सोडतो, तेवढा काळवंडलेल्या पॉइंटमधूनही जातो. खरा भार पडला की तोच स्विच गळपटतो. म्हणून दिवे लागतात पण मंद लागतात अशी तक्रार असेल तर कपलर जोडलेला ठेवून, कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून, स्विचच्या दोन पिनांवर मीटर लावा. चांगल्या स्विचवर जवळपास शून्य दिसतं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर तेवढं व्होल्टेज स्विच स्वतःच खातो आहे.

स्विच असा का मरतो, हे समजून घेण्यासारखं आहे. बल्बाची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणून साडेतीन अँपिअरचे बल्ब पेटण्याच्या पहिल्या क्षणी कित्येक पट करंट ओढतात. तो धक्का प्रत्येक वेळी त्या दोन पॉइंटवर बसतो, आणि पाय उचलल्यावर पॉइंट सुटताना बारीक ठिणगी पडते. जुना स्विच उचकटून बघा: तांब्याची पट्टी मधोमध काळी झालेली, खड्डा पडलेला, कडेला वितळून गोठलेला बारीक थेंब. कधी हे दोन पॉइंट एकमेकांना चिकटूनच जातात, तेव्हा दिवे विझत नाहीत. वर्धीच्या व्हॅन दर चौकात, दर सोसायटीच्या गेटशी ब्रेक मारतात, त्यामुळे त्यांचे स्विच लवकर जाणारच. त्यात मागे चमकणाऱ्या पट्ट्या आणि जादा बल्ब याच वायरीवर जोडले की आयुष्य आणखी घटतं. हौस असेल तर त्यांना वेगळा रिले लावून घ्या.

बदलताना

बॅटरीची निगेटिव्ह काढा. आता कपलर काढण्याआधी एक काम करा, जे जवळजवळ कोणीच करत नाही: पेडल बोटाने दाबून बघा. अगदी सुरुवातीला काही मिलिमीटर ते सैल जातं, मग आत काहीतरी भिडल्यासारखं लागतं. ही ढील बोटाला लक्षात ठेवा. नवा स्विच बसवल्यावर ती जशीच्या तशी राहिली पाहिजे.

चुड्यांचा (आट्यांचा) स्विच असेल तर त्याच्यावर एक चेकनट असतो, बहुधा चौदाच्या पान्याचा. तो सैल करून स्विच फिरवून बाहेर काढा. कपलर आधीच सुटलेला हवा, नाहीतर वायरांना पीळ बसतो. नवा स्विच आणताना जुना सोबत घेऊन जा आणि दुकानातच शेजारी धरून बघा. चुडी, लांबी, पिनांची संख्या आणि प्लंजर दाबल्यावर बंद होणारा की चालू होणारा, हे सगळं जुळायला हवं. गाडीच्या मॉडेलचं नाव सांगून मिळालेला स्विच दरवेळी जुळतोच असं नाही, एकाच नावाच्या व्हॅनमध्ये वर्षागणिक भाग बदललेले असतात.

बसवताना सगळं कौशल्य एकाच गोष्टीत आहे, ते म्हणजे अंतर. पेडल हाताने वर ओढून धरा. स्विच फिरवत आत न्या, चुडीचं टोक पेडलच्या पट्टीला टेकू देऊ नका, मधे थोडी फट ठेवा. बऱ्याच गाड्यांत ही फट अर्ध्या ते दोन मिलिमीटरच्या मधे असते, तुमच्या व्हॅनचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, असेल तर उत्तम. मग चेकनट आवळा आणि आवळल्यावर फट पुन्हा मोजा, कारण आवळताना स्विच थोडा फिरतोच.

स्विच पेडलपासून लांब राहिला तर दिवे विझणार नाहीत, हे लगेच दिसतं. जास्त जवळ आला तर दोन गोष्टी होतात. दिवे उशिरा लागतात, म्हणजे तुम्ही हलका ब्रेक मारता तेव्हा मागच्याला काहीच दिसत नाही. आणि त्याहून जवळ आला तर स्विचच पेडलला किंचित खाली दाबून ठेवतो. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. दिवे व्यवस्थित लागतात आणि विझतात, त्यामुळे काम नीट झालं असं वाटतं, आणि गाडी मात्र सतत थोडा ब्रेक धरून चालत असते.

याचं कारण मास्टर सिलिंडरमध्ये आहे. पेडल पूर्ण वर असतं तेव्हा ब्रेक ऑइलच्या डब्याकडे जाणारं एक बारीक छिद्र उघडं राहतं. ब्रेक तापले की ऑइल फुगतं आणि त्या छिद्रातून डब्यात परत जातं. पेडल जरासं जरी दाबलेलं राहिलं तरी ते छिद्र बंद होतं. मग फुगलेल्या ऑइलला जायला जागा नसते, ते ब्रेकच आणखी दाबतं, ब्रेक आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. गाडी जड चालते, सीएनजीचा ॲव्हरेज घसरतो, चाकाशी जळका वास येतो. शहरात एवढ्यावरच राहील. पण माणसं भरून पावागढला माचीपर्यंत चढलात आणि उतरायला लागलात, तर ज्या ब्रेकवर उतरायचं ते आधीच तापून निम्मे झालेले असतात.

म्हणून बसवून झाल्यावर मघाची ढील बोटाने पुन्हा तपासा. कपलर जोडा, बॅटरी जोडा. पेडल जेमतेम हलताच, ब्रेक धरायच्या आधी, दिवे लागायला हवेत आणि सोडताच विझायला हवेत. मग पाच-सात किलोमीटर चालवून या, शेवटी सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये ती मोकळी चालते का ते बघा. उतरल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका, नुसती धग बघा. चारही चाकं नेहमीपेक्षा जास्त तापलेली वाटली तर फट वाढवा.

काही नव्या गाड्यांत चुडी नसते, स्विच पाव वळसा फिरवून अडकतो आणि पेडल सोडल्यावर स्वतःच फट ठरवून घेतो. तो एकदाच नीट बसतो, काढून पुन्हा वापरू नये. चार वायरांचा स्विच असेल तर त्यातली एक जोडी दिव्यांची आणि दुसरी इंजिनच्या कॉम्प्युटरला किंवा एबीएसला खबर देणारी असते. तिथे वायरिंगचा नकाशा हातात असल्याशिवाय पिना जोडून बघू नका. आणि खूप जुन्या गाड्यांत स्विच पेडलपाशी नसतोच, ब्रेकच्या ऑइल लाइनवर असतो. तो काढला की ऑइल गळतं आणि लाइनमधली हवा काढावी लागते, ते काम मेकॅनिककडेच द्या.

स्विच बदलूनही महिन्या-दोन महिन्यांत तीच तक्रार परत येत असेल तर कपलर बघा, विशेषतः गाडी पुरात उभी राहिलेली असेल तर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. पुढे त्या धुतल्या, वाळवल्या, इंजिन ऑइल बदललं, पण पायांपाशी खालून गेलेल्या वायरी आणि मागच्या लाइटचे होल्डर कोणी उघडून पाहिले नाहीत. पाणी वाळलं तरी आतला गाळ ओल धरून ठेवतो आणि पिना हिरव्या होत जातात. कपलर उलटा धरून टॉर्चच्या उजेडात आत बघा. पिनेवर हिरवट-पांढरी भुकटी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बारीक ब्रशने साफ करा. पीन सैल किंवा खाल्लेली असेल तर सरळ नवा कपलर जोडून घ्या, प्रत्येक वायर रंगाप्रमाणे जुळवून आणि जोडावर नुसती चिकटपट्टी न गुंडाळता हीट श्रिंक नळी घालून. मागच्या दोन्ही होल्डरांचंही त्याच बैठकीत उरकून टाका.